फ्लेक्सवरची बाई, हातातलं कणीस आणि पत्र्याआड गेलेला एक शब्द

फ्लेक्सवाली, जालना

नमस्कार. जालन्यात नव्या मोंढ्याच्या रस्त्याला आमचं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. मशीन नवरा बघतो, डिझाइन मी करते. अकरा वर्षं झाली. एक गोष्ट मनातून जात नाहीये. या धंद्यातले किंवा जाणते कुणी असतील तर सांगा.

मे महिना आमचा सगळ्यात धावपळीचा. खरिपाच्या तोंडावर बियाण्याच्या कंपन्या, डीलर, कृषी सेवा केंद्रवाले सगळे एकदमच येतात. यंदा एका डीलरनं मक्याच्या वाणाचा फ्लेक्स दिला, वीस बाय दहाचा. फोटो त्यानंच मोबाइलवर पाठवला. भोकरदन तालुक्यातल्या एका गावात उन्हाळ्याच्या तोंडाला पीक पाहणी झाली होती, त्यात ज्यांच्या शेतात हा मका होता त्या बाईंचाच फोटो. चाळिशीच्या असतील. डोक्यावर पदर, एका हातात सोललेलं कणीस. आपण पिकवलेल्या मालाकडं माणूस जसं बघतं तसं त्याच्याकडं बघत होत्या. मजकूरही डीलरचाच: "लांब, जाड, टोकापर्यंत भरलेलं". त्याच्या खालच्या ओळीत "कणीस", मग वाणाचं नाव, मग दुकानाचा पत्ता.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण चूक तिथंच झाली. रस्त्यावरून कणीस दिसणार नाही म्हणून ते वेगळं कापून दीडपट मोठं केलं. मूळ फोटोत बाईंच्या दुसऱ्या हाताखाली, कमरेवर कणसांनी भरलेलं टोपलं होतं. ते जागा खात होतं, काढलं. मागचं शेत काढून हिरवा रंग भरला. राहिलं काय, तर एक बाई, तोंडाजवळ आलेलं एक मोठं कणीस आणि शेजारी पिवळ्या अक्षरांतली ती ओळ. मला खरंच काही दिसलं नाही. मी बाई आहे, दोन लेकरांची आई आहे, तरी दिसलं नाही. त्या दिवशीचा एकविसावा फ्लेक्स होता. रात्री साडेअकराला फाईल मशीनला लावली.

फ्लेक्स लागला त्यांच्याच गावाजवळच्या फाट्यावर. खालच्या पट्टीसमोर चहाच्या टपरीचं पत्र्याचं छप्पर. "कणीस" हा शब्द, वाणाचं नाव, पत्ता, सगळं पत्र्याआड गेलं. वर उरली बाई आणि ती एक ओळ.

चौथ्या दिवशी भाच्याच्या मोबाइलवर तो फोटो आला. कुणीतरी स्टेटसला ठेवलेला, वर काहीबाही लिहिलेला. ते मी इथं लिहिणार नाही. तेव्हा पहिल्यांदा मला ते चित्र त्या पोरांच्या डोळ्यांनी दिसलं, आणि एकदा दिसल्यावर आता दुसरं काही दिसतच नाही. चौकशी केली तर कळलं, बाई आठवडी बाजाराला यायच्या बंद झाल्यात. पोरगा अकरावीत आहे, त्याची एसटीत मारामारी झाली.

त्यात परवा परतूरकडचा एक गिऱ्हाईक आला. म्हणाला, "ताई, तसलाच एक करून द्या. मुद्दाम. बाई शेतकरी नको, मॉडेल घ्या. लोक थांबून फोटो काढायलेत, फुकटात जाहिरात व्हायलीय." पुढच्या हंगामाचे चाळीस फ्लेक्स देतो म्हणाला. त्याला दोन दिवसांनी सांगते म्हणाले. लगेच नाही म्हणायला पाहिजे होतं, हे मलाही कळतं. पण मशीनचा हप्ता आहे.

तर मला विचारायचं आहे ते असं. नकळत झालेलं आणि मुद्दाम केलेलं यात बघणाऱ्याला फरक पडतो का? फाईल जाण्याआधी असलं काही पकडायची तुमची काही रीत आहे का? आणि त्या बाईंकडं मी कुठल्या तोंडानं जाऊ?

भोकरदनकर

ताई, यात तुमचा काय दोष? मका आहे, मक्याचंच वर्णन आहे. ज्याच्या डोक्यात घाण त्याला सगळीकडं तेच दिसतं. आठ दिवसांत लोक विसरतील. जिवाला लावून घेऊ नका.

ब्रशवाले मामा, परभणी

बाई, मी चाळीस वर्षं भिंती रंगवल्या. पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, सगळीकडं माझं अक्षर होतं. तुमचं वाचून एकच वाटलं, तुमच्या शिडीखाली कुणी उभं नव्हतं.

भिंतीला दोन-दोन दिवस लागायचे. मी वर, खाली शाळेतली पोरं, पाण्याला निघालेल्या बाया, पारावरचे म्हातारे. चित्र अर्धं झालं की कुणीतरी बोलायचंच. मानवतला साबणाची जाहिरात काढत होतो. अंघोळ करणारी बाई, खांद्यापर्यंतच. तिचा हात मी असा वळवला की खालून भलतंच वाटावं. मला वर कळेना. एका म्हातारीनं हाक मारली, "पेंटर, हात वर घे तिचा." उतरलो, रस्ता ओलांडून पलीकडं गेलो, मान वर करून बघितलं. म्हातारीचं खरं होतं. चुना मारला, वाळू दिला आणि हात परत काढला. फ्लेक्सला असं होत नाही. एक माणूस खोलीत स्क्रीनवर बघतं, अर्ध्या तासात छापून निघतं, रात्रीतून लागतं. गावानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा चुना मारायची सोयच उरत नाही.

माझ्या हाताखालच्या पोरांना मी सांगतो ते तुम्हालाही सांगतो. चित्र उलटं करून बघा. उलटं केलं की बाई, मका, टोपलं काही राहत नाही, नुसते आकार राहतात, आणि चावट पोराच्या डोळ्याला आधी आकारच दिसतो. मग डोळे बारीक करून लांबून बघा. मग तळहातानं खालचा तिसरा हिस्सा झाका, कारण आपल्याकडं खाली कायम काहीतरी असतंच, टपरी, गाडा, पाण्याची टाकी. राहिलेलं वाचा. तुमच्या वाक्याचं नाम खाली आणि विशेषणं वर, असं कधीच करू नका. "कणीस" पहिला शब्द पाहिजे होता.

शटरचं तर विचारूच नका. सेलूत एका दुकानाच्या शटरवर मी बाईचं पूर्ण चित्र काढलं. दुकानदार सकाळी शटर अर्धंच वर करायचा. तोंड वर गुंडाळलं जायचं आणि छातीखालचं तेवढं रस्त्याला दिसायचं. दुकानदाराला त्याचं काही नव्हतं. माझ्या बायकोनं बाजारातून येताना बघितलं आणि घरी येऊन जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चित्र पुसून नुसतं नाव लिहिलं. त्यानंतर शटरवर माणूस काढला नाही.

मास्तर, अंबाजोगाई

मी मराठी शिकवायचो, आता निवृत्त. भोकरदनकरांचं म्हणणं मला पटत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

एका शब्दातून दोन अर्थ काढणं हा आपल्या भाषेचा जुना छंद आहे. श्लेष म्हणून आम्ही तो पोरांना शिकवतो. पैठणच्या नाथांच्या भारुडात सासू, नवरा, विंचू असे रोजच्या घरातले शब्द येतात आणि आत दुसराच अर्थ चालू असतो. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, मग उमजतं. तमाशातल्या गवळणीत मावशी बोलते ते द्व्यर्थीच असतं आणि ते ऐकत मी मोठा झालो. त्याला मी कधीच घाण म्हणणार नाही. पण तिथं माणूस तिकीट काढून, काय ऐकायला मिळणार हे ठाऊक असून बसतो. बोलणारीला ते बोलणं ठाऊक असतं, ती तिची कला असते, तिला त्याचे पैसे मिळतात. आणि समोरच्यानं चावटपणा केला तर त्याला सगळ्या फडासमोर उलट उत्तर देऊन गप्प करायचा हक्क तिचा असतो. फाट्यावरच्या त्या बाईकडं यातलं काय होतं? तिच्या तोंडी जो अर्थ घातला गेला तो तिला माहीतच नव्हता, आणि उत्तर द्यायला तिला फडही नाही.

आता "बघणाऱ्याची नजर" हा मुद्दा. मिंत्रा या कपडे विकणाऱ्या कंपनीचा लोगो आठवा. त्यातल्या इंग्रजी एम अक्षराचा आकार स्त्रीला अपमानास्पद आहे, अशी तक्रार मुंबईतल्या एका महिलेनं सायबर पोलिसांकडं केली. तोवर लाखो लोक तो लोगो रोज बघत होते आणि बहुतेकांना काही दिसलं नव्हतं. तेव्हाही पुष्कळ लोक हेच म्हणाले, नजर घाण. पण जानेवारी २०२१ मध्ये कंपनीनं तो बदलायचं मान्य केलं, वेबसाइटवर, अॅपवर, पाकिटांवर. काढणाऱ्याच्या मनात काय होतं याची चौकशी करत बसण्यात अर्थ नसतो. रस्त्यावर लावलेलं चित्र एकदा लोकांनी वाचलं की तो अर्थ त्याला चिकटतो, मग तो पुसायचं काम लावणाऱ्याचंच.

तेव्हा बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की बघणाऱ्याला फरक पडत नाही. फरक तुम्हाला पडतो. नकळत झालं असेल तर कळल्यावर तुम्ही काय केलं, त्यावर तुमचं माप होतं.

बियाणेवाला, सिल्लोड

मी बारा वर्षं मक्याच्या बियाण्याचं फिल्डचं काम केलं. आधी त्या ओळीची बाजू घेतो. "टोकापर्यंत भरलेलं" ही मक्यातली खरी आणि मोठी गोष्ट आहे. कणसाच्या टोकाकडची रेशीम सगळ्यात शेवटी बाहेर येते. त्या वेळी पाण्याचा ताण पडला की टोकाचे दाणे भरत नाहीत, बोंडुक, म्हणजे आतलं दांडकं, उघडं राहतं. म्हणून कणीस हातात घेतलं की शेतकरी आधी टोक बघतो. त्या बाईंनी दाखवलं ते हेच असणार. अभिमानाची गोष्ट होती ती.

परतूरकडच्या गिऱ्हाइकाला मात्र माझा निरोप सांगा. फोटो काढणारी पोरं मका पेरत नाहीत. शेतकरी बियाणं घेतो ते शेजाऱ्याचा प्लॉट बघून, उगवण किती, शंभर किलो कणसामागं दाणा किती निघतो, हे विचारून. फाट्यावरचा फ्लेक्स लोकांना आठवेल, पण तुम्हीच विचारून बघा, वाणाचं नाव कुणाला आठवतंय का. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी असल्या, म्हणजे लैंगिक आकर्षण वापरणाऱ्या जाहिरातींवरचे ७८ अभ्यास एकत्र तपासले, २०१७ मध्ये त्याची बातमी आली होती. त्यांना दिसलं ते असं, की जाहिरात जास्त लक्षात राहते, ब्रँड जास्त लक्षात राहतो असं नाही, आणि माल घ्यायची इच्छा वाढत नाही. माझ्या फिल्डच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. ट्रॅक्टरच्या, मोटारपंपाच्या बोर्डावर बाई उभी केलेले कितीतरी बघितले, पंप मात्र लोक मेकॅनिकला विचारूनच घेतात.

वकील, लातूर

कायद्याचं थोडक्यात. जाहिरातीत स्त्रीचं असभ्य चित्रण करायला बंदी घालणारा स्वतंत्र कायदा १९८६ पासून आहे. त्याचं तिसरं कलम नुसतं जाहिरातदाराला धरत नाही. प्रसिद्ध करणारा, करवणारा, त्यात भाग घेणारा, सगळे येतात. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. तुमच्या हातून नकळत झालेल्या फ्लेक्सवर असा खटला टिकणं मला अवघड दिसतं. चित्र संदर्भासकट आणि आजच्या समाजाच्या मापानं बघा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आहे. पण "मुद्दाम करा" असं सांगून गिऱ्हाईक काम देत असेल आणि तुम्ही छापून दिलं, तर "मी फक्त छापलं" हा बचाव लंगडा पडेल.

या भानगडी किती रेंगाळतात तेही बघा. अजगर गुंडाळलेल्या दोन मॉडेलची टफ बुटांची जाहिरात १९९५ ची. गुन्हा दाखल झाला आणि सगळे सुटले ते २००९ मध्ये, चौदा वर्षांनी. सरकार मनावर घेतं तेव्हा लगेचही होतं. २००७ मध्ये पुरुषांच्या चड्डीची "टोइंग" म्हणणारी जाहिरात टीव्हीवरून बंद केली. जून २०२२ मध्ये लेयर शॉट या बॉडी स्प्रेच्या जाहिराती माहिती व प्रसारण मंत्रालयानं काढायला लावल्या. बलात्काराची भीती घालून तिचाच विनोद केला होता त्यात. सामान्य माणसाला जाहिरात मानक परिषदेकडंही फुकट तक्रार करता येते. आस्की म्हणतात तिला, १९८५ पासून आहे. ती दंड करत नाही, बदला किंवा काढा म्हणते.

दोन गोष्टी मात्र लगेच करा. पीक पाहणीत फोटो काढू दिला म्हणजे वीस फुटी फ्लेक्सवर लावायला संमती दिली, असं होत नाही. इथून पुढं फोटोतल्या माणसाची लेखी संमती डीलरकडून मागा, आणि तयार डिझाइन त्या माणसाला दाखवल्याशिवाय छापू नका. दुसरं, स्टेटस ठेवणाऱ्यांविरुद्ध तक्रार करायचा अधिकार त्या बाईंचा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ त्यासाठी आहे. त्यांना हवं असेल तर मी फी घेणार नाही. पण त्यांना हवं असेल तरच.

घनसावंगीची सून

ताई, कलम, अभ्यास सगळं खरं. पण तुम्ही आधी घरी जा त्यांच्या. डीलरला नेऊ नका, नवऱ्यालाही नेऊ नका. मोबाइल पिशवीत ठेवा. माफी मागायला गेलेली माणसं आपलंच रडगाणं लावतात, तसं करू नका. त्या जे बोलतील ते ऐका. नाही बोलल्या तर बसून राहा.

फ्लेक्सवाली, जालना

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. मामांचं वाचलं त्याच रात्री फाईल उघडून उलटी करून बघितली. दहा सेकंद लागले. फक्त दहा. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं शिडी घेऊन गेलो आणि फ्लेक्स उतरवला. डीलर चिडला. त्याला दोनशे चौरस फुटांचा दुसरा फ्लेक्स माझ्या पैशानं करून दिला. नुसतं कणीस, दाणे दिसतील असं, पहिला शब्द "मका".

परतूरच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणाले. बियाणेवाल्या भाऊंचा निरोपही सांगितला. तो म्हणाला, "तुम्ही नाही केलं तर दुसरं कुणी करील." केलंच कुणीतरी. मंठा रोडला लागलाय, काल बघितला. आस्कीकडं तक्रार टाकली आहे, अजून काही कळलेलं नाही.

भोकरदनकर भाऊ, तुम्ही मला धीर द्यायला लिहिलं, ते पोचलं. पण आठ दिवस झाले, कुणी विसरलेलं नाही.

बाईंकडं गेले होते. एकटीच, एसटीनं. पहिला अर्धा तास त्या बाहेर आल्याच नाहीत. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, मी कोण ते विचारलं. मी सांगितलं, तो फोटो मी बनवला. त्यांनी कप खाली ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. मग बाई आतून आल्या, उंबऱ्यावर बसल्या. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले. त्यांनीच विचारलं,

"माझ्या हातात टोपलं व्हतं. भरून व्हतं. ते कामून काढलं?"

मी म्हणाले, जागा नव्हती.

"येवढ्या मोठ्या बोर्डावर जागा नव्हती?"

मला उत्तर आलं नाही. त्या म्हणाल्या, टोपलं राहिलं असतं तर कुणाला भलतं काही दिसलंच नसतं, बाई शेतातून माल घेऊन आली एवढंच दिसलं असतं. अकरा वर्षं डिझाइन करतेय मी, आणि हे एवढं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी जे काढलं ते तिचं काम होतं. काम काढल्यावर नुसती बाई उरली.

वकील साहेबांचा निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, पोराशी बोलते. पोरगा गोठ्याजवळ उभा होता, ऐकत होता, पण माझ्याकडं बघितलं नाही त्यानं. नंबर देऊन आले आहे.

निघताना त्यांनी विचारलं, उतरवलेला फ्लेक्स कुठंय. म्हणाले, दुकानात गुंडाळून ठेवलाय, जाळून टाकू का? "जाळता कामून? आणून द्या. माझा फोटो हाय, माझ्या घरी राहू द्या." परवा नेऊन दिला. त्यांनी आणि सासूबाईंनी मिळून तो अंगणात उलगडला, एकदा बघितला, आणि चित्राची बाजू खाली करून कडब्याच्या गंजीवर टाकला. चार कोपऱ्यांच्या छिद्रांत सुतळी ओवायला मी हात लावला. पाऊस यायच्या बेतात होता.